फ्रान्सच्या जुरा डोंगराळ भागातल्या फ्रोमाझेकाकांना (चीज करणाऱ्या काकांना) उघडं पत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पहाटेच्या घाईतही तुमच्या फ्रुतिएरमध्ये, म्हणजे गावच्या सहकारी चीजशाळेत, तांब्याच्या कढईला खेटून उभं राहू दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुम्ही सांगितलेलं इथं चीज करणाऱ्या सगळ्यांच्याच कामाचं आहे, म्हणून हे पत्र उघडं लिहितोय.

तुमचा पहिला प्रश्न कढईचा नव्हता, चाऱ्याचा होता. कोंतेच्या, म्हणजे तुमच्या त्या मुरवलेल्या चीजच्या, गाईला मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) वर्ज्य, हे आम्हाला आधी नुसतं सोवळं वाटायचं. पण मुरघासातले क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूचे बीजाणू शेणावाटे सडाला लागतात, तिथून दुधात उतरतात आणि पाश्चरायझेशनलाही दाद देत नाहीत. चीज ताजं असताना काहीच दिसत नाही. काही महिन्यांनी आत वायू धरतो, चीजचं गोल चाक फुगतं, भेगा पडतात, खवट लोण्यासारखा वास सुटतो. इथं पनीर, मोझरेला चार दिवसांत खपतं, त्यामुळे मुरघासाचा हा गुण कुणाच्या लक्षातच येत नाही!

साधारण 40 किलोच्या एका चाकाला 400 लिटर दूध, म्हणजे वीसेक गाईंचं दिवसभराचं. पूर्वी एका घरच्या गोठ्यात एवढं निघायचं नाही, म्हणून गावानं दूध एकत्र केलं. त्यामुळेच तुमच्याकडे शेजाऱ्याचा गोठा ही त्याची खासगी बाब राहत नाही; एकानं चोरून मुरघास घातला की सगळ्यांची कढई नासते. गाईमागे निदान 1 हेक्टर गवत, दूध 25 किलोमीटर व्यासाच्या वर्तुळातलंच, रोबोटनं धार काढायची नाही, हे नियम इथल्या दूध संस्थांना ऐकवले तर हसतील. हसू देत.

कढईतलं काम: दूध 32 अंशांच्या आसपास आणून विरजण आणि रेनेट (दूध साकळवणारं विकर) घालायचं, साकळलं की गव्हाच्या दाण्याएवढं कापायचं, मग ढवळत 53 अंशांच्या वर नेऊन अर्धा तास तिथंच ठेवायचं. दाणे लहानमोठे राहिले तर मोठ्यांत निवळी अडकते. आच घाईनं वाढवली तर दाण्यावर साल धरते आणि आतलं पाणी आतच राहतं. तुमची मुठीची परीक्षा थर्मामीटरपेक्षा भरवशाची: मूठभर दाणे दाबले की गोळा व्हायला हवा, अंगठ्यानं चोळला की पुन्हा सुटा. रेनेट मात्र आमचं वेगळं. तुमच्याकडे वासराचंच लागतं, इथं गिऱ्हाईक शाकाहारी, म्हणून सूक्ष्मजीवांपासून केलेलं. लांब मुरवलेल्या चीजला त्यानं कडवटपणा येऊ शकतो, तेव्हा ते बेतानंच घालतो.

आणि तळघरातली ती सळई! एका टोकाला हातोडी, दुसऱ्याला नमुना काढायची नळी. कलिंगड वाजवतात तसं चाक ठोकायचं. आवाज पोकळ आला तर आत भेग. नमुना चाखून झाला की उरलेला तुकडा परत भोकात बसवून वर चीज लिंपायचं. किमान 120 दिवस मुरवायचं म्हणजे चाकाशी एवढी घसट हवीच.

एकच विचारायचं राहिलं. तुमच्या स्प्रूसच्या फळ्या धुतल्यावर उन्हात वाळवायच्या की सावलीत? इकडच्या पावसाळ्यात फळीला बुरशी चढते, तेवढं कळवा.

आपले,
गाईच्या दुधाचं चीज करणारे आम्ही काही जण