क्लेटनचा दोष एकट्या सिग्नलमनचा नव्हे

संपादक महोदय,

व्हिक्टोरिया राणीच्या काळातील ब्रिटिश रेल्वे अपघातांवरील आपल्या लेखात इंग्लंडमधील ब्रायटनजवळच्या क्लेटन बोगद्याचा अपघात 'सिग्नलमनच्या चुकीने' घडला, एवढ्या एका ओळीत आटोपला आहे. ही ओळ अन्यायाची आहे. चौकशी करणारे कॅप्टन टायलर तेवढ्यावर थांबले नव्हते.

२५ ऑगस्ट १८६१, रविवार. ब्रायटनहून ८.२८, ८.३१ आणि ८.३५ ला अशा तीन गाड्या पाठोपाठ सुटल्या. नियमाने मध्ये पाच मिनिटे हवी होती. पहिली बोगद्यात शिरली, पण तिच्यामागे आपोआप 'धोका' दाखवायला हवा असलेला सिग्नल फिरलाच नाही. इशाऱ्याची घंटा ऐकून सिग्नलमन किलिक यांनी तारयंत्रावरून बोगद्याच्या पलीकडच्या टोकाच्या सिग्नलमनला 'गाडी बोगद्यात' असे कळवले. तेवढ्यात दुसरी गाडी येऊन ठेपली. त्यांनी लाल बावटा हलवला. चालकाला तो दिसला की नाही, हे त्यांना कळेना. दिसला होता, गाडी आत थांबून मागे सरकू लागली होती. किलिक यांनी विचारले, 'बोगदा मोकळा?' पलीकडच्याने पहिली गाडी बाहेर पडलेली पाहून 'मोकळा' असे उत्तर दिले. कोणती गाडी, हे त्या तारयंत्राच्या सुईला सांगताच येत नसे. तिसऱ्या गाडीला पांढरा, म्हणजे त्या काळी 'मार्ग मोकळा' सांगणारा, बावटा मिळाला आणि ती बोगद्यात दुसऱ्या गाडीवर आदळली. २३ माणसे मेली, १७६ जखमी झाली.

किलिक त्या दिवशी सलग चोवीस तासांच्या पाळीवर होते. आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी मिळवायची, तर तेवढे राबावे लागे!

मुळातला दोष गाड्यांमध्ये अंतराऐवजी मिनिटे राखण्याचा. पुढची गाडी वाटेत थांबली, की ती मिनिटे फुकट. ब्लॉक पद्धतीत एका टप्प्यात एकच गाडी असते. पण अशा साधनांनी चालक बेसावध होतील, असे रेल्वे कंपनीचे म्हणणे पडले. आणि टायलर यांच्यासारखे सरकारी तपासनीस फक्त शिफारस करू शकत, सक्ती नाही. कायद्याने सक्ती आली १८८९ मध्ये, आयर्लंडमधील आर्मा येथे चढावर तोडून ठेवलेले दहा डबे उलटे घरंगळून ८० जण मेल्यावर. तिथला निर्वात (हवा शोषून लागणारा) ब्रेक डबे सुटताच निकामी होई, म्हणून त्याच कायद्याने प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेकही बंधनकारक केला.

लेखातील त्या ओळीची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपले,
रेल्वे-इतिहासाचे दोन अभ्यासक