तो सोलरवाला नव्हता

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

(बाबा, मायना बरोबर आहे ना? नंतर लाल पेनने दुरुस्त करून पाठवू नका.)

फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बरं, बघू" म्हणाले असते, फोन आईकडे गेला असता, आईने "जेवलीस का" विचारलं असतं आणि विषय संपला असता, म्हणून लिहितेय. खरं तर भाऊबीजेला बोलायचं ठरवूनच आले होते. ओवाळणं झालं, दादाचा व्हिडिओ कॉल झाला, आईने डबा भरून दिला, आणि मी तशीच हैदराबादला परत आले. गाडीत बसल्यावर स्वतःचाच राग आला.

सरळ सांगते. पितृपक्षात जो मुलगा गच्चीवर मापं घेऊन गेला, ज्याला आईने दोनदा चहा दिला आणि जो छोटी हातोडी घेऊन भिंती ठोकत फिरत होता, तो सोलरवाला नव्हता. बाबा, तुम्हाला तेव्हाच शंका आली होती, पॅनलसाठी कोण बेडरूमचं छत ठोकून बघतं? तो स्ट्रक्चरल इंजिनिअर होता, मी पाठवला होता. खोटं बोलले, चुकलं माझं. त्याचा रिपोर्ट आलाय, कॉन्ट्रॅक्टर ठरलाय, दीड लाख ॲडव्हान्स गेलाय आणि १ डिसेंबरला काम सुरू होतंय. दोन महिने, फार तर अडीच, तुम्हाला घर सोडून राहायचंय.

आता बाबा चष्मा काढून टेबलावर ठेवतील. ठेवा, पण पुढचं वाचा.

गौरीच्या दिवशी दिवाणावर प्लास्टर पडलं तेव्हा तुम्ही दोघं म्हणालात "पोपडा पडलाय." पोपडा नव्हता बाबा, अर्धं घमेलं भरलं होतं, मीच उचललं. आई पाच मिनिटं आधी पुरण बघायला उठली म्हणून. त्यातला एक तुकडा मी पर्समधून इकडे आणलाय. वरून तुमचा तो फिकट पिस्ता रंग, आणि मागच्या बाजूला बोटभर रुंद तपकिरी रेघ, सळईचा ठसा उमटल्यासारखी. टेबलच्या खणात ठेवलाय आणि ऑफिसचा कॉल चालू असताना उगाच हातात घेते. खरं सांगू का, ती ओल मी चार वर्षं बघतेय. दर दिवाळीला तुम्ही ऑइल पेंट मारून घेत होतात आणि मी "छान दिसतंय" म्हणत होते. तो रंग ओल बाहेर पडूच देत नाही, आतल्या आत कोंडतो, हे आत्ता कळलं.

इंजिनिअर म्हणाला ते तुमच्या भाषेत सांगते. गच्चीवरून पाणी मुरलं, सळईपर्यंत गेलं, सळई गंजली, आणि गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या दुपटीपेक्षा जास्त जागा मागतं, मग खालचं काँक्रीट सुटतं. हातोडी मारली की चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, तिथे बद्द येतो. आपल्या छतावर तसे सात-आठ पट्टे आहेत, ते फोडून, सळया घासून, गंजरोधक लावून परत भरता येतात. मला धास्ती आहे ती बाल्कनीची. आई जिथे कुरडया वाळत घालते ती. नुसती पुढे आलेली बाल्कनी असली की तिची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, म्हणजे पाणी आधी तिलाच गाठतं, आणि अशी बाल्कनी म्हणे जाताना खालून तडे दाखवून सूचना देत बसत नाही. आई, तू हे वाचल्यापासून बाल्कनीत पाऊल टाकणार नाहीस. कपडे मागच्या अंगणात. तुळशीला पाणी घालायला पण नाही, कुंडी शोभाताईंना सांगून आत घ्यायची.

आणि बाबा, दुसरं गच्चीचं. १९८१ चा कोबा, त्यावर १९९८ चा कोबा. गळायला लागलं की वर अजून एक थर, तेव्हा सगळे तेच करायचे, तुम्ही एकट्याने नाही केलं. पण विटांच्या तुकड्यांचा चार इंची थर म्हणजे चौरस फुटाला साधारण १८-२० किलो, आपली गच्ची सहाशे फूट, म्हणजे दुसरा थर एकटाच अकरा-बारा टन. एक भरलेला ट्रक सत्तावीस वर्षं आपल्या डोक्यावर उभा आहे आणि खाली आपण पत्ते खेळतोय. तो सगळा काढायचाय, मोठं ब्रेकर न लावता, छिन्नी-हातोडीने, कारण हादऱ्याने उरलंसुरलं पण सुटेल. म्हणून वेळ लागणार, म्हणून धूळ, म्हणून तुम्ही तिथे नको. मग एकच नवा कोबा, दोन्ही पाइपांकडे नीट उतार, कठड्याच्या कोपऱ्यात गोल वाटा (सिमेंटची गोलाई), आणि तीन दिवस पाणी भरून ठेवून खाली ठिपका येतोय का बघायचं. वर पांढरे चिनी मोझॅक, उन्हाळ्यात वरची खोली तापणार नाही.

हे सगळं वाचून बाबांना एकच वाटणार, म्हणजे मी बांधलं ते वाईट बांधलं. नाही हो. इंजिनिअरने पाया बघितला, कॉलम बघितले, मशीन लावून बघितले, म्हणाला "काका स्वतः उभे होते का कामावर? कळतंय." आई शपथ. तेव्हा सिमेंटला परमिट लागायचं, पेपरात रोज अंतुले आणि सिमेंट आणि तुम्ही खऱ्या रांगेत, अर्धा दिवस रजा टाकून. चाळीस पोती मिळाली त्या रात्री आजीने पेढे आणलेले, आपल्याकडे सिमेंटला पेढे वाटले गेलेत हे मी इथे कुणाला सांगितलं तर हसतात. स्लॅबच्या दिवशी मी सहा वर्षांची, गुळगुळीत ओल्या सिमेंटवर बोट टेकवलं म्हणून तुम्ही ओरडलात आणि मग स्वतःच मला कडेवर घेऊन मजुरांबरोबर जिलबी खायला बसवलंत. त्या घराला चव्वेचाळीस वर्षं झालीत बाबा. माझ्याही गुडघ्यातून आता आवाज येतो. कायद्यानेसुद्धा तीस वर्षं झालेल्या इमारतींची तपासणी करायला सांगितलीय, त्यात कुणाचा अपमान नाही.

दादाचं मत वेगळं होतं, पाडून टाकायचं, ते तुम्हाला माहितीच आहे, आणि त्याचंही चूक नाही, तिकडून त्याला सोपं तेच दिसतं. मी त्याला रिपोर्ट पाठवला. कॉलम चांगले आहेत तर पाडायचं कशाला? आता तो अर्धे पैसे देतोय. एकूण साडेसात लाखांच्या घरात जाईल, माझे एफडीतून, आणि बाबा, पेन्शनच्या खात्याला हात लावायचा नाही. बँकेत जाऊन काही मोडून आलात तर मी बोलणार नाही महिनाभर.

राहण्याचं. पुढच्या गल्लीत तळमजल्याचा फ्लॅट घेतलाय, तुमच्या पायांनी सात मिनिटं. दूधवाला तोच, पेपरवाला तोच, शोभाताई तिथे पण येणार, बोलून झालंय. बाथरूमला दांडे बसवून घेतलेत. ओटा आईच्या उंचीचा आहे, मी स्वतः उभी राहून बघितलं, तुझ्यापेक्षा बोटभरच उंच आहे ना मी. देवघर जसंच्या तसं जाईल, देव शेवटी हलवायचे आणि तिथे सगळ्यात आधी ठेवायचे, गुरुजींना विचारलंय. खिडकी पूर्वेला आहे, सकाळी उशीवर ऊन येतं. दिवाण पण नेऊ, पण छताखाली कुठे ठेवायचा ते मी सांगेन (चेष्टा).

बाबा, मला माहितीय तुम्ही का नाही म्हणाल. पानशेतच्या पुराच्या दिवशी, १९६१ च्या १२ जुलैला, नारायण पेठेतून अंगावरच्या कपड्यानिशी निघालात आणि त्या वाड्यात परत कधी राहिलाच नाहीत. आजोबा म्हणालेले ना, संध्याकाळपर्यंत येऊ. मला ते वाक्य माहितीय, तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आजीने सांगितलं. तेव्हा आणि आत्ता यात फरक आहे बाबा, मातीच्या भिंती होत्या, पाणी आलं, विरघळल्या. इथे किल्ली तुमच्या खिशात असणार. कॉन्ट्रॅक्टरकडे दुसरी असेल, पण मूळची पितळी तुमच्याकडेच.

आता न आवडणारं. पुढच्या तीन पायऱ्या आठ-आठ इंची आहेत, त्याच्या चार होतील, सहा-सहा इंची, दोन्ही बाजूंना रेलिंग. पायरी पुढे येणार म्हणजे बजाज स्कूटरची जागा जाणार. बजाजविषयी आपण नंतर बोलू. मागच्या भिंतीलगत आईने जो तगरीचा आणि मोगऱ्याचा वाफा केलाय, त्याची माती जोत्याच्या वर चढलीय, तीच ओल स्वयंपाकघरात येते, म्हणून वाफा तीन फूट पुढे सरकवायचाय. आई, मोगरा मी स्वतः हलवणार, थंडीत काढला तर धरतो, मुळांभोवतीची माती न पाडता. तोडायचं म्हणत नाहीये. काळ्या दगडाच्या जोत्याला मात्र कुणी हात लावणार नाही, नुसत्या दगडांमधल्या सुटलेल्या दर्जा (सांधे) भरायच्या, वर रंग नाही प्लास्टर नाही, हे कॉन्ट्रॅक्टरकडून लिहून घेतलंय.

आणि कठड्यातला पिंपळ. वरून कापला की परत फुटतो, दहा वर्षं तेच चाललंय, मुळं विटांच्या सांध्यात गेलीत. तेवढ्या विटा उतरवून काढणार आणि बाबांच्या फिरण्याच्या वाटेवर, तळजाईच्या टेकडीवर लावू. जगेल असं छातीठोक सांगत नाही, मूळ अख्खं निघत नाही बहुतेक. पण आई तुझ्या हातून पूजा करून मगच काढायचा, मिस्त्रीला तसं सांगितलंय, तो पण हो म्हणाला, त्याच्याकडे पण तोडत नाहीत.

आता सूचना, आणि या ऐकायच्याच. परांचीवर चढायचं नाही. बाबा, वाचलंत? परांचीवर चढायचं नाही. "नुसतं बघून येतो" पण नाही. संध्याकाळी चार ते पाच फाटकापाशी खुर्ची, टोपी, मास्क, धूळ उडत असेल तर परत घरी. मिस्त्रीशी वाद घालायचा नाही, खटकलं तर फोटो काढून मला पाठवा. एक काम मात्र तुमच्याशिवाय होणार नाही. बाहेरचं प्लास्टर झालं की सात दिवस पाणी मारायला हवं, हे लोक तिसऱ्या दिवशी पाइप गुंडाळतात, तुम्ही कॅलेंडरवर खुणा करा आणि रोज मला सांगा. विटा भिजवून लावतायत का तेही बघा. तुमचा तो पितळी ओळंबा आहे ना, खालच्या कपाटात सुतळीसकट, तो बरोबर ठेवा हवं तर. दोरी धरायला मी असायचे, "हलू नकोस" म्हणायचात आणि मी श्वास पण रोखून धरायचे. कठड्याच्या विटा उभ्या राहतील त्या आठवड्यात मी सुट्टी टाकून येतेय, धरते दोरी.

पैसे रोख कुणालाही द्यायचे नाहीत, "काका जरा सिमेंट संपलंय" म्हणाला तरी नाही. आई, मजुरांना चहा दे, पण रोज पोहे करत बसायचं नाही, तुझी पाठ आहे ती. बीपीची गोळी नाश्त्याआधी. बॉक्सवर वार लिहून ठेवलेत.

२९ नोव्हेंबरला पहाटे पोचते, सामान मी बांधेन, तुम्ही फक्त देव आणि कागदपत्रं बघा. माळ्यावर चढू नका.

रागावलात तर रागवा, पण जेवण टाळू नका त्यापायी.

तुमची,
मनू

ता. क. आई, आजीची निळ्या फुलांची लोणच्याची बरणी फुटली तेव्हा तू तुकडे टाकले नव्हतेस, कुठेतरी फडक्यात बांधून ठेवलेले. कुठे आहेत? मोझॅकवाला म्हणाला टाइल्सच्या तुकड्यांत मिसळता येतील, जिन्याच्या तोंडाशी बसवू. कडा घासून देणार आहे तो, पायाला लागणार नाहीत. शोधून ठेव, पण स्टूलवर चढून नको.