युरियाची रांग आणि पेटलेलं पाचट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

युरियाच्या टंचाईची बातमी आणि दुकानापुढच्या रांगेचा फोटो आपल्या अंकात पाहिला. अशाच एका रांगेत मीही उभा होतो. दोन गोणी युरिया हवा असेल तर एक विद्राव्य खताची पिशवी घ्यावीच लागेल, असं दुकानदारानं सांगितलं आणि नाइलाजानं मी ती घेतली. हे लिंकिंग बंद झालंच पाहिजे. पण त्याच संध्याकाळी घरी परतताना जे दिसलं, त्याबद्दल मला लिहायचं आहे.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुटलेल्या उसाची रानं पेटली होती. एकरी तीन-चार टन पाचट (तोडणीनंतर रानात उरणारा उसाचा वाळलेला पाला) निघतं. त्यात नत्र (नायट्रोजन) साधारण अर्धा टक्का आणि पालाश (पोटॅश) एक टक्का. चार टनांचा हिशोब मांडला, तर युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत असतं जवळपास तेवढंच नत्र त्या पाचटात असतं. म्हणजे ज्या गोणीसाठी दिवसभर रांगेत उभं राहायचं, तिच्याएवढं नत्र संध्याकाळी धुरात घालवायचं. पालाश राखेत उरतं, पण ती राख वाऱ्यावर जाते. आणि पाचटाच्या वजनातला तिसरा हिस्सा कर्ब (कार्बन) असतो, तो तर पुरताच जातो.

मला सगळ्यात जास्त काळजी या कर्बाची वाटते. आपल्या उष्ण हवेत आणि बारमाही पाण्यात सेंद्रिय पदार्थ झपाट्यानं कुजून संपतो, थंड मुलखासारखा साठून राहत नाही. तो दरवर्षी रानाला परत द्यावाच लागतो. माझ्या रानाची माती तपासली, तेव्हा सेंद्रिय कर्ब निघाला ०.३८ टक्के आणि सामू (पीएच) ८.३. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली गेला की जमीन कमी प्रतीची धरतात. अशा चुनखडीच्या काळ्या रानात वरून फेकलेला युरिया अमोनिया होऊन उडतो आणि स्फुरद (फॉस्फरस) चुन्यात अडकून बसतो. पीक पिवळं दिसलं की आम्ही आणखी एक गोणी टाकतो.

यात सरकारचाही वाटा आहे. २०१० साली खतांचं अनुदान त्यांतल्या अन्नद्रव्यांच्या प्रमाणावर ठरायला लागलं, पण युरिया त्यातून बाहेर ठेवला. त्याची गोणी पावणेतीनशेच्या आत मिळते आणि नत्र-स्फुरद देणाऱ्या डीएपी खताची साडेतेराशेला. हात स्वस्त गोणीकडेच जाणार, यात शेतकऱ्याला दोष कसा द्यायचा?

तीन वर्षांपूर्वी मी एका एकरात पाचट जाळलं नाही. ते सरीत दाबलं, बुडखे कोयत्यानं जमिनीलगत छाटले आणि टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी दिलं. पिकाला द्यायचं खत मात्र वरून फेकलं नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे बुडख्यापासून वीतभर अंतरावर पहारीनं भोक पाडून त्यात घातलं आणि साडेचार महिन्यांनी दुसरा हप्ता सरीच्या दुसऱ्या बाजूनं दिला. पहिल्या वर्षी जीव मेटाकुटीला आला. पाणी पुढं सरकेना, उंदीर झाले, मजूर पहार धरायला तयार होईनात. दुसऱ्या पावसाळ्यात खुरपं घालून पाचटाचा थर उचलला, तर खाली बुरशीचे पांढरे धागे आणि मुठीत मावणार नाहीत एवढी गांडुळं होती. कडेच्या जाळलेल्या रानात खुरपं रुतत नव्हतं.

पाचट जाळणारा शेतकरी अडाणी नसतो. मजूर मिळत नाही, पाणी पुढं जात नाही, म्हणून तो काडी लावतो. म्हणून कारखान्यांना माझी विनंती आहे की, ऊस उचलल्यापासून आठ दिवसांत पाचट कुट्टीचं आणि बुडखे छाटणीचं यंत्र त्यांनी रानात पाठवावं आणि त्याचं भाडं उसाच्या बिलातून कापून घ्यावं. तोडणी-वाहतुकीचा खर्च ते बिलातून वळता करतातच. गाळप साधारण नोव्हेंबरात सुरू होतं. तोडणीचा कार्यक्रम आखतानाच या यंत्रांच्याही पाळ्या लावल्या, तर येत्या हंगामातच पुष्कळ रानं वाचतील.

आपला,
एक ऊस उत्पादक
ता. वाळवा, जि. सांगली