मशीन माझ्याकडे फिरवलंत, त्याबद्दल

औषधाच्या दुकानातल्या ताईंना,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं आणि तुमची भाषा मला येत नाही. तरी हे लिहिल्याशिवाय चैन पडेना. पैसे घ्यायच्या वेळी तुम्ही कार्डाचं मशीन माझ्या बाजूला फिरवलंत, पडद्यावरच्या दोन रकमांवर एकेक करून बोट ठेवलंत आणि थांबलात. मागे रांग होती, तरी थांबलात.

एवढ्याशा गोष्टीचं मोल प्रवासात फार असतं. कार्ड परदेशी आहे हे मशीन ओळखतं आणि विचारतं, पैसे इथल्या चलनात घेऊ की गिऱ्हाइकाच्या देशाच्या? आपल्या चलनातला आकडा ओळखीचा, म्हणून बोट तिकडेच वळतं. पण तो निवडला की दर ठरवते दुकानदाराची बँक किंवा तिने नेमलेली कंपनी, आणि त्या दरात शेकडा तीन-चारपासून पुष्कळदा त्याहून बरंच जास्त चढवलेलं असतं. एवढं करून आपली बँक परदेशी व्यवहाराचं शुल्क लावू शकते ते वेगळंच. स्थानिक चलन निवडलं तर व्हिसा, मास्टरकार्ड यांचा दर लागतो. तो बाजारभावाच्या जवळ असतो, वर फक्त आपल्या बँकेचं शुल्क.

ही निवड कार्ड ज्याचं त्यानेच करायची, असा कार्ड कंपन्यांचाच नियम आहे. त्याआधीच्या हॉटेलात मात्र काउंटरवरच्या माणसाने मशीन स्वतःकडेच ठेवलं, बटण स्वतःच दाबलं आणि पावती पुढे सरकवली. ‘आमच्याकडे असंच होतं’ हे त्याचं उत्तर. असंच होत नसतं. अशी पावती हातात पडली तर सही न करता तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून स्थानिक चलनात पुन्हा करायला सांगावं. दिवसाचा हिशेब बंद होण्याआधी रद्द झालेला व्यवहार सहसा खात्यात चढतच नाही. नंतरचा परतावा त्या दिवसाच्या दराने येतो आणि त्यात पुन्हा तूट बसू शकते. विमानतळावर ‘कमिशन शून्य’ पाटी लावून चलन बदलून देणाऱ्यांचंही तसंच. कमिशन नसतं, पण त्यांच्या खरेदीच्या आणि विक्रीच्या दरांमध्ये एवढं अंतर असतं की तोटा तिथेच होऊन जातो.

रोख पैशांसाठी विचारल्यावर दाराशी असलेल्या एटीएमकडे बघून तुम्ही मान हलवलीत आणि पलीकडची बँकेची शाखा दाखवलीत. याचंही कारण जाणकाराला लगेच कळतं. दुकानांच्या दारांत बसवलेली खाजगी यंत्रं बहुधा जास्त शुल्क घेतात. शाखेच्या भिंतीतल्या यंत्रात कार्ड अडकलंच, तर कामाच्या वेळेत आत विचारायला माणूस असतो. एटीएमसुद्धा आपल्या देशाच्या चलनात हिशेब करायचा आग्रह धरतं. तिथे ‘नाकारा’ दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत, अशी भीती अनेकांना वाटते. नाकारायचा असतो तो फक्त त्यांचा दर, पैसे मिळतातच. शिवाय दर वेळी ठरावीक शुल्क कापलं जात असेल तर थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा लागतील तेवढे एकदाच काढणं बरं.

हे सगळं माहीत असूनही परक्या गावात, भाषा येत नसताना, घाईत माणूस गडबडतो. तेव्हा समोरच्याच्या हातात खूप काही असतं. त्याने फसवलं तरी कोणाला कळणार नसतं आणि सांभाळून घेतलं तरी कोणी शाबासकी देणार नसतं. तुम्ही सांभाळून घेतलंत. दुसऱ्याचा पैसा त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच बोटाने जावा एवढी साधी सभ्यता जिथे पाळली जाते, तिथे परकेपणाची धास्ती निम्मी होते.

तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर हेच पत्र तुमच्या भाषेत करवून पाठवत आहे. नवीन मुलं काउंटरवर आली की त्यांनाही मशीन फिरवायला शिकवा, एवढी विनंती त्यात केली आहे. मनापासून आभार, ताई.

तुमची एक गिऱ्हाईक