ब्रिज बसवण्याआधी रुग्णाला पूर्ण कल्पना द्यावी

महोदय,

पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने पक्का बसवलेला कृत्रिम दात, बसवून घेण्याची सोय आता तालुक्याच्या गावीही झाली आहे, ही समाधानाची बाब आहे. मात्र त्याविषयी रुग्णाला आधी जे सांगायला हवे ते सांगितलेच जात नाही, असा आमचा अनुभव आहे.

सहा वर्षांपूर्वी माझ्या पत्नीची खालची एक दाढ काढावी लागली. जागा रिकामी ठेवली तर शेजारचे दात तिकडे कलतात आणि वरची दाढ हळूहळू खाली उतरते, त्यामुळे ती जागा ब्रिजने भरून घेण्याचा सल्ला योग्यच होता. परंतु मधला कृत्रिम दात तोलून धरण्यासाठी दोन्ही बाजूंचे दात चहूबाजूंनी घासून बारीक करावे लागतात आणि त्यांवर कॅप बसवून तिन्ही एकत्र जोडले जातात, हे तिला भूल दिल्यानंतर, खुर्चीत बसल्यावर कळले. त्या दोन्ही दातांना कीड नव्हती, आणि एकदा घासून काढलेले वरचे कठीण आवरण पुन्हा कधीही येत नाही.

तिन्ही दात जोडलेले असल्याने ब्रिजखाली अडकलेले अन्न ब्रशने निघत नाही. त्यासाठी टोक ताठ असलेला खास दोरा बाजूने आत ओवून हिरडीलगत फिरवावा लागतो. हे तिला कोणीही दाखवले नाही. चार वर्षांनी भाकरी चावताना ठणका लागू लागला, तोंडाला वास येऊ लागला, आणि एक्स-रेमध्ये मागच्या दाढेला कॅपखाली कीड लागून ती पोखरल्याचे दिसले. ब्रिज कापून काढावा लागला आणि ती दाढही गेली.

ब्रिज वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. शेजारच्या दातांत आधीच मोठे सिमेंट भरलेले असेल किंवा रूट कॅनाल झाले असेल, तर त्यांना तशीही कॅप लागते. तेथे ब्रिजच सोयीचा. पण शेजारचे दात धडधाकट असताना, त्यांना हात न लावता हाडात बसवला जाणारा इम्प्लांट किंवा काढता-घालता येणारी छोटी कवळी हे पर्याय समोर ठेवायला हवेत. इम्प्लांट महाग पडतो, त्याला काही महिने लागतात आणि हाड पुरेसे असावे लागते, हे खरे. तरी निवड रुग्णाने समजून-उमजून करावी.

महाराष्ट्र राज्य दंत परिषदेने यासाठी सोप्या मराठीत संमतिपत्राचा नमुना तयार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कोणते दात घासले जाणार, दुसरे पर्याय कोणते आणि प्रत्येकाचा खर्च किती, एवढे त्यात लिहिलेले असावे. शिवाय ब्रिज पक्का बसवण्याच्या दिवशीच डॉक्टरांनी रुग्णाच्या हाती आरसा देऊन तो दोरा त्याच्याकडूनच एकदा ओवून घ्यावा.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, सातारा