गणवेशाच्या डिबेटचं तू विचारलंस म्हणून

प्रिय सोनू,

डिबेटमध्ये गणवेशाच्या विरोधात बोलायचंय, आई तू मुद्दे दे म्हणालीस. पण मी तुझ्या बाजूची नाही बघ. गणवेश पाहिजेच. आपल्याकडे लग्नाला सुद्धा शाळेचाच ड्रेस घालून येणारी पोरं आहेत, कारण घरात धड कपडा तेवढाच. गणवेश बंद केलास तर ती पोरं रोज काय घालणार, हे आधी सांग.

माझा राग वेगळाच आहे. गणवेश नाही म्हणून पोराला वर्गाबाहेर उभं करतात ना, त्यावर. सक्ती करायचीय तर देणाऱ्यावर करा की, शाळा सुरू व्हायच्या आत ड्रेस पोराच्या हातात पडलाच पाहिजे म्हणून. सरकारी शाळेत आठवीपर्यंत गणवेश फुकट, पण कितीतरी वर्षं तो सगळ्या मुली आणि एससी, एसटी, बीपीएलची मुलं एवढ्यांनाच होता, एकाच बाकावरच्या दोन पोरांत एकाला मिळायचा आणि दुसऱ्याचा बाप उधारीवर आणायचा, बाकीच्या मुलांना मिळायला 2023 उजाडलं.

आणि 2024 चं तर तू डोळ्यांनी बघितलंस. आधी शाळा व्यवस्थापन समितीकडे पैसे यायचे, एका जोडाचे 300, दोन जोडांचे 600, गावातला टेलर माप घ्यायचा, विषय संपला. मग आलं एक राज्य एक गणवेश. सगळीकडे आकाशी आणि गडद निळा, कापड वरून येणार, शिवणार बचत गटाच्या बायका. गटाला काम मिळतंय म्हणून आम्ही केवढ्या खूश होतो! पण कापड आलं उशिरा आणि आलं ते कापूनच. माप कुणाचं घेतलेलंच नाही, चौथीचं पोर म्हणजे अमुक साईज असं धरून चाललेले. आता चौथीत एक काडीपैलवान असतो आणि एक चांगला गुटगुटीत, त्या गुटगुटीतची बटणं लागेनात, उसवून सैल करावं म्हटलं तर शिवणीत आत कापडच सोडलेलं नाही. पोरांच्या आया येऊन आम्हा शिवणाऱ्यांनाच बोलून गेल्या. 15 ऑगस्टला झेंडावंदनाला निम्मी पोरं गेल्या वर्षीच्याच आखूड पँटीत उभी होती.

त्याच डिसेंबरात सरकारने निर्णय फिरवला, परत सगळं शाळा समितीकडे दिलं. बरं झालं.

इंग्लिश मिडीयमचं तर बोलूच नको, ठरलेल्या दुकानातूनच घ्या म्हणतात आणि दोन वर्षांत रंग बदलतात.

तरी विरोधातच बोलायचं असेल तर मुलींच्या ड्रेसचं बोल. सायकलवरून शाळेत यायचं आणि ओढणी सक्तीची, चाकात अडकून तू पडली होतीस ते सांग की, कुणी खोडू शकणार नाही. कापड एक ठेवा पण पँट की सलवार ते मुलीला ठरवू दे, एवढं मला पण पटतं.

नंबर आला तर फोन कर, नाही आला तरी कर. तुझ्या ब्लाऊजच्या बाह्या अडल्यात, दंडाचं माप पाठव.

तुझी आई