सूचना: प्रतिज्ञापत्रावर सही करण्यापूर्वी

सर्व सभासदांस,

गटात वरचेवर ‘तुमच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना पाठवा, नाव बदलून सही करतो’ असे निरोप येतात. मांडणीसाठी नमुना घ्या, पण त्यातला मजकूर दुसऱ्याच्या आयुष्याचा असतो हे विसरू नका.

प्रतिज्ञापत्र म्हणजे शपथेवर दिलेले लेखी निवेदन, आणि शपथेवर जाणूनबुजून खोटे सांगणे हा बहुतेक देशांत फौजदारी गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये त्यासाठी 1911 चा स्वतंत्र कायदा आहे. भारतात 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची कलमे 227 आणि 229 लागू आहेत (जुन्या दंड संहितेतील 191 आणि 193). न्यायालयीन कामात खोटा पुरावा दिल्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड, इतर प्रसंगी तीन वर्षांपर्यंत.

यातली एक बारीक गोष्ट अनेकांना माहीत नसते. जे ठाऊकच नाही ते ‘मला ठाऊक आहे’ असे लिहिणेही खोट्यात मोडते, मग ते योगायोगाने खरे निघाले तरी. म्हणून ऐकीव माहिती ‘माझ्या माहितीप्रमाणे’ अशीच लिहा आणि ती कुठून मिळाली तेही नमूद करा.

नोटरीचा शिक्का मजकूर खरा असल्याची हमी देत नाही. सही कोणी केली एवढेच तो सांगतो. ‘वकिलांनी लिहिले, मी न वाचता सही केली’ हा बचाव फारसा टिकत नाही.

प्रामाणिक चूक म्हणजे गुन्हा नव्हे. मात्र ती लक्षात आल्यावर गप्प बसू नका, वकिलांमार्फत ताबडतोब दुरुस्तीचे प्रतिज्ञापत्र द्या.

कोऱ्या कागदावर सही मागणारे निरोप यापुढे गटातून काढले जातील.

– व्यवस्थापक